एक बारा की दोन दहा

भेटल्याबरोबर तो माझ्या हातातली पिशवी काढून घ्यायचा. मदत म्हणून नव्हे. पिशवी एकदा वर न्यायचा, एकदा खाली, आणि सांगायचा, "साडेचार किलो." मग परत द्यायचा.

त्या वर्षी त्याने अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातली उचलता येईल अशी प्रत्येक वस्तू उचलून पाहिली असावी. शाळेत मला भेटायला आला की स्टाफरूममधला प्रिंटर उचलायचा, चहाची किटली उचलायचा. एकदा मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल उचलला आणि "ह्यात काय वजनच न्हाय" म्हणून खाली ठेवला. माझ्या बहिणीचं बाळ बघायला आला, तेव्हा बाळाला दोन्ही हातांत धरून बराच वेळ गंभीर उभा राहिला. "सात. पण हलतंय, म्हणून आठ वाटतंय."

त्याचा अंदाज चुकत नसे. अर्धं आयुष्य माशांच्या टोपल्या आणि बोटींच्या इंजिनांचे भाग उचलण्यात गेलेलं. रेवदंड्याच्या खाडीवर तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस, लग्नसराईत तर रोज, आमच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा.

तुमच्या घरच्या हळदीला गाणारी कोण होती ते तुम्हाला आठवत असेल. ढोलकीवाला आठवत असेल, कारण तो मध्येच नाचतो. बेसवाला आठवतो का? नाही आठवणार. चार जाड तारांची लांब गिटार घेऊन तो सगळ्यांच्या मागे उभा असतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखा भाव असतो. आमचा तर डोळेही मिटायचा. लोकांना वाटायचं, झोपला.

तो बँडमध्ये आला तोच मुळी जनरेटर दुरुस्त करायला. थेरोंड्याच्या एका हळदीत आमचा तेव्हाचा बेसवाला पिऊन पडला आणि जनरेटर सुरू करून देणारा हा इसम म्हणाला, "मी धरू का? खालचं खालचं वाजवायचंय ना?" असा उभा राहिला तो वीस-बावीस वर्षं उभाच होता. कोणी शिकवलं नाही. इंजिन ऐकता ऐकता आपण बेस शिकलो, असं तो म्हणायचा. मी त्याच्याहून आठ वर्षांनी लहान, बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारा. पण शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून तो मला कायम "मास्तर, तुमी" म्हणत आला. मी त्याला दादा म्हणायचो.

त्याच्याकडे एक स्पीकरची पेटी होती. कपाटाएवढी. दहा इंचाचे चार स्पीकर, जाड प्लायवूड, लोखंडी कोपरे. तिला आम्ही म्हैस म्हणायचो. म्हैस टेम्पोत चढवायला चार माणसं लागायची, आणि हळद गच्चीवर असली की नवऱ्याकडचे धट्टेकट्टे काका शोधावे लागायचे. नागावला एका जिन्यात ती वळणावर अशी अडकली की वरचे पाहुणे वर आणि खालचे खाली. जेवण वर, नवरा खाली. शेवटी नवऱ्याला तिच्यावरून पलीकडे चढवला. तो मात्र म्हशीला थोपटत म्हणत होता, "तिला बोलू नका. तिला काय हौस हाय व्हय जिन्यात बसायची?"

पण वाजायची अशी की मांडवाच्या खांबाला पाठ टेकवून बसलेल्या म्हाताऱ्या सरळ व्हायच्या.

मग दिवस बदलले. हळदीला डीजे येऊ लागले. आमच्या आठजणांच्या बँडचे चारजण उरले. बँड चालवणारा महेश, तो स्वतः गिटार वाजवतो. गाणारी एक मुलगी. मी आणि हा. महेशने टेम्पो विकून टाकला आणि किहीमच्या एका रिसॉर्टमध्ये दर शनिवारी संध्याकाळचा कार्यक्रम धरला. नारळाच्या बागेत टेबलं मांडलेली, मुंबईचे पाहुणे, समोर मासे तळले जातायत आणि आपण हळू आवाजात जुनी गाणी वाजवायची. सगळं सामान महेशच्या गाडीच्या डिकीत बसायला हवं.

"म्हैस चालणार नाही," महेश त्याला म्हणाला. "सध्या रिसॉर्टच्या स्पीकरवर भागव, पण छोटी पेटी घे. डिकीत मावेल, एकट्याला उचलता येईल अशी. नाहीतर बेसचं आपल्याला काहीतरी वेगळं बघावं लागेल."

वेगळं म्हणजे काय, हे मला कळलं होतं. कीबोर्डवर डाव्या हाताने बेस वाजवता येतो. मी मान खाली घालून वायरी गुंडाळत राहिलो.

त्याने ते शब्द फार मनावर घेतले. दिसेल ती वस्तू उचलून वजन सांगायचं वेड तेव्हापासूनचं. दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन महेशच्या दारात गेला आणि डिकी मोजली. त्या मापाचं एक पुठ्ठ्याचं खोकं बनवलं. कुठलीही पेटी आवडली की तिचं माप त्या खोक्यावर आखायचा. खोक्यावर इतक्या रेघा झाल्या की त्याच्या बायकोला, आमच्या वहिनींना, वाटलं हा घराचा नकाशा काढतोय.

संध्याकाळी फोन घेऊन माझ्याकडे यायचा. परदेशातली माणसं पेट्या वाजवून दाखवतात, ते व्हिडिओ त्याने पाहिलेले असत. बोललेलं इंग्रजी कळत नसे, वाजलेलं कळे. खाली लिहिलेलं मी वाचून दाखवायचं.

"हे ओम ओम काय हाय, मास्तर?"

मी त्याला सांगितलं. अॅम्प्लिफायरला पेटी किती ओढते त्याचं ते माप आहे. चार ओमची पेटी जास्त ओढते, आठची कमी.

"म्हंजे बोटीचा पंखा. मोठा पंखा लावला की इंजिन दमतं."

इतक्या वर्षांत मी मुलांना हे इतकं सोपं करून सांगू शकलो नव्हतो.

मग एक मोठा पेच पडला. छोट्या पेटीत एक बारा इंची स्पीकर असलेली घ्यायची, की दहा इंचाचे दोन? ह्या प्रश्नाने त्याला महिनाभर झोप दिली नाही. रस्त्यात भेटला की नमस्कार नाही, कसे आहात नाही, थेट, "मास्तर, एक बारा की दोन दहा?" कोर्टाच्या समोरून स्कूटरवर चाललो होतो, तर पलीकडून ओरडला, "बारा!" दोन दिवसांनी बाजारात गाठून म्हणाला, "परवा बोललो ते सोडा. दहाच."

"दादा, दोन्हीत काय एवढा फरक आहे?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसा मी एखाद्या मुलाकडे बघतो, जो विचारतो की सर, ऑक्सिजन नसला तर काय होईल.

एकदा मात्र गंभीरपणे बोलला. आम्ही रेवदंड्याच्या धक्क्यावर बसलो होतो. "मास्तर, दिवसभर मी बोटीच्या पोटात असतो. तेल, काळोख, वास. शनिवारी आंघोळ करून शर्ट घालून निघतो, तवा बायको दारात येते. रोज न्हाय येत. ते एवढंच हाय माज्याकडं. म्हून पेटी चुकायला नको."

शेवटी मुंबईला जाऊन कानांनी ऐकूनच ठरवायचं, असं ठरलं. रविवार ठरला. सोबत मी.

त्या शनिवारी रिसॉर्टमध्ये कोणाची तरी खाजगी पार्टी होती, म्हणून आम्हाला सुट्टी. दुपारी महेशचा फोन आला. रिसॉर्टच्या मॅनेजरने सांगितलं होतं, पुढच्या आठवड्यापासून तीनच माणसं. गाणारी, गिटार, कीबोर्ड. "तू डाव्या हाताने बेस धर," महेश म्हणाला. "तसंही पाहुण्यांना काय कळतंय."

मी म्हटलं, "अरे, तो उद्या पेटी घ्यायला चाललाय. माझ्याबरोबर."

"मी बोलतो त्याच्याशी. आज रात्रीच बोलतो. तू मध्ये पडू नकोस, उगाच घोळ होईल."

मी बरं म्हणालो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. ते आपल्याला सांगावं लागणार नाही, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. माझी जागा राहिली आहे, हेही होतं. ते मी तेव्हा स्वतःशीही बोललो नाही.

रविवारी सकाळी मांडव्याच्या जेट्टीवर तो माझ्या आधी येऊन उभा. इस्त्रीचा शर्ट, पाठीवर गिटार, हातात जुना अॅम्प्लिफायर. मला बघून लांबूनच ओरडला, "बारा, मास्तर! नक्की!" त्याच्या चेहऱ्याकडे बघताच मला कळलं, महेशने फोन केलेला नाही.

रो-रो बोटीला तासभर लागतो. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. मी तीनदा सुरुवात केली. पहिल्यांदा "दादा, ऐक ना" म्हणालो, तर तो म्हणाला, "थांबा, इंजिन बघा कसं चाललंय, डावीकडचं जरा जड हाय." दुसऱ्यांदा वडापाव आला. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच विचारलं, "काय झालं, मास्तर? बोट लागतेय का?" मी हो म्हणालो. त्याने माझ्यासाठी लिंबू मागून आणलं.

मुंबईतल्या वाद्यांच्या दुकानाचे मालक एक वयस्क, सभ्य गृहस्थ होते. त्याच्या हाताला राहिलेल्या काळ्या तेलाच्या रेषा त्यांनी पाहिल्या आणि खुर्ची पुढे केली. तीन पेट्या पुढ्यात ठेवल्या. त्याने आधी तिन्ही उचलल्या. अठरा, दहा, चौदा. कागदावर पाहिलं तर तेच आकडे.

अठराची म्हणजे दोन दहावाली. मोठा आवाज, भरपूर. त्याने दोन मिनिटं वाजवली आणि थांबला. "नाकातून बोलते." दहा किलोची एवढीशी होती, तिला त्याने हळदीतली एक चाल दिली आणि हसून मान हलवली. "पोर हाय ती. एवढं वझं नको तिच्यावर."

तिसरी एक बारावाली. चौदा किलो. मागच्या बाजूला हवा जायला गोल भोक. ती त्याने बराच वेळ वाजवली. मग गिटार माझ्या गळ्यात अडकवली. "मास्तर, फक्त सगळ्यात वरची जाडी तार. सारखी. मी भायेरून ऐकतो."

तो दुकानाबाहेर गेला, काचेचं दार लावून घेतलं आणि फुटपाथवर भिंतीला टेकून उभा राहिला. मी ती एकच तार वाजवत होतो. काचेतून तो दिसत होता. डोळे मिटलेले. माणसं त्याच्या अंगावरून जात होती. किती वेळ गेला कोणास ठाऊक. ह्याने वर्षभर जिचा ध्यास घेतला ती पेटी समोर वाजतेय, आणि वाजवणारा मी आहे, हे मला सहन होईना. तरी मी वाजवत राहिलो. थांबलो असतो तर बोलावं लागलं असतं.

आत आला तेव्हा डोळे पुसत होता. "भायेर धूळ लय हाय," म्हणाला.

दुकानदारांनी विचारलं, "कुठे वाजवता आपण?"

"किहीमला," तो म्हणाला. "दर शनिवारी."

परतीच्या बोटीवर त्याने पेटी खाली ठेवू दिली नाही. मांडव्याला उतरताना ती एका हातात धरून दुसरा हात वर केला. "एका हातात, मास्तर! बगा! एकच हात!" जेट्टीवरचे दोन टुरिस्ट टाळ्या वाजवायला लागले.

मी संध्याकाळी महेशला फोन केला. त्याने उचलला नाही. सोमवारी उचलला आणि म्हणाला, "सांगतो रे, सांगतो." मग मीही पुन्हा विचारलं नाही.

शनिवारी मी महेशच्या गाडीतून किहीमला पोचलो, तर हा आधीच तिथे. रेवदंड्याहून रिक्षा करून आला होता. दोन माडांच्या मध्ये पेटी लावलेली, तिच्याखाली रबराचा तुकडा, वायर नीट चिकटवलेली. उन्हं कलत होती. रिसॉर्टचा मॅनेजर त्याच्यासमोर उभा राहून बोटं मोजून दाखवत होता. तीन.

तो आमच्याकडे वळला. "महेश, हे काय बोलतायत बग. तीनच म्हंतायत. गाणारीला धरलं न्हाय वाटतं."

महेशने माझ्याकडे बोट केलं. "सरांनी सांगितलं नाही का तुला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे. एखादा भाग बसवताना बसत नाही आणि का बसत नाही ते कळत नाही, तसा.

"तुमाला म्हायती व्हतं, मास्तर?"

"हो."

"कवापासून?"

"मुंबईला गेलो त्याच्या आदल्या दिवसापासून."

त्याने पेटीवर हात ठेवला. "मंग मी भायेर उभा व्हतो, तुमी तार वाजवत व्हतात. तवा बी म्हायती व्हतं."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

मॅनेजरला घाई होती, पाहुणे टेबलांवर बसू लागले होते. हा म्हणाला, "एकच गाणं वाजवू द्या. मोकळ्या जागेत कशी वाजते ते तरी बघतो." मॅनेजर महेशकडे बघू लागला, महेश घड्याळाकडे. "राहू दे," हा स्वतःच म्हणाला. त्याने वायर काढली, गुंडाळली, रबराचा तुकडा खिशात टाकला. पेटी उचलली आणि टेबलांच्या मधून, तळलेल्या माशांच्या वासातून, रस्त्याकडे चालत गेला. मी मागे धावलो नाही. साउंड टेस्ट करायची होती.

त्या संध्याकाळी मी डाव्या हाताने बेस वाजवला. वाईट वाजवला. कोणाला काही कळलं नाही. एका बाईंनी येऊन सांगितलं की फार छान वाटलं.

पुढच्या रविवारी दुपारी दार वाजलं. तो होता. पेटी नाही, गिटार नाही. मला वाटलं, भांडायला आलाय, आणि बरं वाटलं. पण तो सरळ कीबोर्डजवळच्या खुर्चीत बसला.

"तुमी अंतऱ्याला घाई करता," म्हणाला. "त्या गाणारीनं काल बाजारात सांगितलं, गाताना पडल्यासारखं व्हतं. हात दाखवा."

चार रविवार तो आला. वीस वर्षांत त्याने जे जे बसवलं होतं, ते सगळं गाण्यामागून गाणं तोंडाने म्हणत माझ्या डाव्या हातात घातलं. कुठे थांबायचं, कुठे अर्धी मात्रा मागे राहायचं. कुठे काहीच वाजवायचं नाही, तेही. मी मध्येच "दादा, त्या दिवशी" असं सुरू केलं की म्हणायचा, "हाताकडं बगा." चहा घेत नव्हता. पूर्वी दोन कप लागायचे.

चौथ्या रविवारी मी न राहवून विचारलं, "तू हे का करतोस?"

"मंग काय करू?" तो म्हणाला. "गाण्यानं काय केलंय?"

त्यानंतर तो आला नाही. पावसाळ्याआधी वहिनी अलिबागच्या बाजारात भेटल्या. सुकटीची टोपली घेऊन बसल्या होत्या. मी चौकशी केली. म्हणाल्या, घरात रेडिओ लावू देत नाही. शेजारी हळद असली तर धक्क्यावर जाऊन बसतो. नवीन पेटी ज्या पुठ्ठ्यात आली त्यात परत घालून, चिकटपट्टी मारून माळ्यावर टाकलीय. "शनिवारी अंघोळ करून शर्ट घालतात," त्या म्हणाल्या. "आन तसंच बसून राहतात. मग मीच सांगते, काढा आता." माझ्यासाठी सुकट बांधता बांधता त्या थांबल्या. "त्या महेशचं जाऊ दे, सर. तुमी तरी सांगायचं."

पावसाळ्यानंतर कळलं, तो रेवदंडा सोडून गेला. दक्षिणेकडे कुठल्या तरी बंदरावर बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळायला. वहिनी महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन येतात.

मी अजून किहीमला वाजवतो. दर शनिवारी. माझा डावा हात आता चांगला झाला आहे. महेश म्हणतो, बेसवाला आहे असंच वाटतं. तुम्ही कधी आलात तर तुम्हालाही वाटेल.

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत त्याला फोन लावला. वर्षभर लावायचा म्हणत होतो. त्याने उचलला.

"बोला, मास्तर."

मागे मशीनचा आवाज होता, सगळं झाकून टाकणारा. मी म्हटलं, "दादा, माझं चुकलं. मी बोटीवरच सांगायला हवं होतं."

"काय? मशीन चालू हाय."

मी पुन्हा म्हटलं. मोठ्याने. व्हरांड्यात डबा खाणारी मुलं वळून बघू लागली.

"ऐकू येत न्हाय, मास्तर. हितं काय बी ऐकू येत न्हाय."

"बाहेर ये जरा! दोन मिनिटं बाहेर ये!"

"सोडून येता येत न्हाय," तो म्हणाला.

त्याने फोन लगेच ठेवला नाही. मीही ठेवला नाही. कारखाना चालू होता. मग शाळेची घंटा झाली.